गोंदण साफ

वडशाच्या आमच्या फोटो स्टुडिओत दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत नवरा फोटो काढायचा आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून मी ते दुरुस्त करायचे. लोकांच्या लेखी फोटोग्राफर तो आणि मी फोटोग्राफरची बायको. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्याच्या कॅमेऱ्यातून निघालेल्या माणसाला माणसात आणायचं काम माझं होतं, आणि हे मी त्याला विसरू देत नसे.

माझं माहेर वरोऱ्याचं. मुलीला कॉम्प्युटर येतो असं पाहुण्यांना सांगता यावं म्हणून वडिलांनी मला लग्नाआधी क्लासला घातलं. तिथे मी टायपिंग शिकले आणि मास्तर चहाला गेले की फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरून लोकांच्या मिशा इकडच्या तिकडे करायचे. तीच विद्या पुढे कामाला आली. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत रोल गेला, डिजिटल कॅमेरा आला, आणि नवरा एकदम आंधळ्यासारखा झाला. अंधाऱ्या खोलीत पाण्यातून फोटो वर येताना बघायची सवय असलेला माणूस. फोल्डर म्हटलं की तो कपाट शोधायचा. तेव्हापासून मागची खोली माझी झाली.

दिवाळी झाली की वडशात नाटकांचा हंगाम सुरू होतो. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतल्या नाटक मंडळ्यांची कार्यालयं आमच्याच गावात, आणि प्रत्येक मंडळीला पोस्टरसाठी नट-नट्यांचे फोटो हवे असायचे. नायिका गोरी पाहिजे, नायक चिकणा पाहिजे, आणि खलनायकालासुद्धा गोरंच व्हायचं असे. नवरा एका दिवसात शेकड्याने फोटो काढून आणायचा. तिकडे वीज दिवसातून सहा-सहा तास जायची. लाईट येईपर्यंत माणूस हातावर हात ठेवून बसणार, आणि आली की पुन्हा जायच्या आत सगळं उरकायचं. एकेक चेहरा धरून बसले असते तर पोस्टर होळीला लागलं असतं.

मग मला सॉफ्टवेअरमधली एक गंमत सापडली. आपण एका फोटोवर जे जे करतो ते सगळं सॉफ्टवेअर ओळीने लक्षात ठेवायचं आणि पुढे एका बटणासरशी अख्ख्या फोल्डरवर तसंच करायचं. मी एक रविवार घालवून माझी स्वतःची अशी ओळ बसवली. चेहऱ्यावरचे बारीक डाग जाणार, रंग थोडा उजळणार, डोळ्यांच्या कडा उठणार, फोटो मापात कापला जाणार, फाईलला मंडळीचं नाव आणि नंबर लागणार. एफ-पाच दाबलं की झालं. या सगळ्या प्रकाराला नाव द्यावं लागतं, ते मी दिलं ‘साफ’.

पहिल्यांदा मी नवऱ्याला शेजारी बसवून बटण दाबलं. स्क्रीनवर एकामागून एक चेहरे उघडत होते, उजळत होते, मिटत होते. मी उठून चहा ठेवला. चहाला उकळी यायच्या आत साठ नट गोरे झाले होते.

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “पन असल फोटू रायते ना?”

नव्हता राहत. हार्डडिस्क लहान होती आणि सारखी भरायची, म्हणून सुधारलेला फोटो जुन्याच फाईलवर चढवायची व्यवस्था मीच केली होती. कॅमेऱ्याचं कार्डही एकच. फोटो कॉम्प्युटरवर घेतले की ते पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरायचं.

“ठेवू कुठं? तुमच्या डोक्यावर?” मी म्हटलं.

तो हसला आणि विषय संपला. त्याच्या जागी मी असते तर मी भांडले असते. तो भांडला नाही याचा मला आजही राग येतो, हा माझा स्वभाव.

पोस्टरच्या फोटोंना एफ-पाच पुरायचं. घरगुती फोटोंना थोडं हातकाम लागायचं. त्यासाठी पुढच्या खोलीत नवरा गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकून पाकिटावर दोन शब्दांत लिहून ठेवायचा. ‘मुरूम साफ.’ ‘चष्म्याची चमक साफ.’ लग्नाळू मुलींच्या पाकिटावर हमखास ‘गोंदण साफ.’ आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर हिरवं गोंदण असायचंच, पण आयांनी हौसेने गोंदवून घेतलेल्या मुलींना आता ते नको असायचं. नागपूरचा मुलगा बघायला येणार, त्याला हनुवटीवरचे ठिपके कसे चालतील? मग ती मुलगी पदराआडून नवऱ्याला हळूच सांगायची आणि तो लिहायचा. मी शिक्क्याचं चित्र असलेला ब्रश घ्यायचे, शेजारची कातडी उचलायचे आणि ठिपक्यावर लावायचे. ठिगळ लावल्यासारखंच ते, पण शिवण दिसता कामा नये. माझी शिवण कधी दिसली नाही.

त्या हंगामात एका सकाळी नदीपलीकडच्या गावातली एक म्हातारी फोटो काढायला आली. मी तिला ओळखत होते. आठवडी बाजारात ती टोपली घेऊन बसायची. घरचे लोक वैनगंगेत जाळी टाकायचे आणि ही सुकवलेले झिंगे विकायची. माप घालून झालं की वर एक मूठ टाकायची आणि आपण ‘पुरे, पुरे’ म्हटलं की रागवायची. त्या दिवशी ती नवं लुगडं नेसून आली होती. मागच्या नळावर तिनं तोंड धुतलं, माझ्याकडून फणी मागून घेतली, केसांना पाणी लावून घट्ट बसवले आणि पुढच्या खोलीत गेली. मी पोस्टरच्या कामात होते. पुढे ती नवऱ्याशी बरंच काही बोलत होती, ते माझ्या कानावर आलं पण मी ऐकलं नाही.

दोन दिवसांनी तिचं पाकीट माझ्या हातात आलं. नवरा तेव्हा एका मंडळीबरोबर बाहेरगावी गेलेला. पाकिटावर त्याच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं : ‘म्हातारी. मोठा फोटो. गोंदण साफ.’

मला हसू आलं. म्हटलं, हिला या वयात कोण बघायला येणार आहे!

फोटो उघडला. म्हातारी खुर्चीत ताठ बसली होती आणि दोन्ही हात मनगटं वर करून मांडीवर ठेवले होते, बांगड्या दाखवाव्यात तसे. हातात बांगड्या मोजक्याच होत्या. पण कोपरापर्यंत गोंदण होतं. एका हातावर मासोळी, दुसऱ्यावर कसली तरी नक्षी, आणि हनुवटीवर ठिपके. आधी मी एफ-पाच दाबलं. त्याने रंग उजळला, पण गोंदण काही हललं नाही. मग मी ब्रश घेतला.

सुरकुतलेल्या कातडीवर हे काम फार कठीण. सुरकुत्या जुळवाव्या लागतात, नाहीतर चेहऱ्यावर गुळगुळीत चट्टे उठतात. मी चित्र मोठं केलं, इतकं की एक ठिपका बोराएवढा दिसायला लागला, आणि एकेक करून पुसत गेले. हनुवटी झाली. नक्षी झाली. शेवटी मासोळी, शेपटीकडून डोक्याकडे. लाईट जायच्या आत मला संपवायचं होतं आणि मी संपवलं. सेव्ह केलं, त्याच फाईलवर. इतकं सुबक काम मी त्याआधी केलं नव्हतं, आणि ते बघायला घरात कुणी नाही याची मला हळहळ वाटली. दुसऱ्या दिवशी सीडी नागपूरला छपाईला गेली. छापून आलेलं पाकीट तसंच चिकटवलेलं फळीवर पडून राहिलं.

तीन आठवड्यांनी तिची मुलगी आली. चाळिशीची बाई, डोळे सुजलेले. पावती पुढे करून नवऱ्याला म्हणाली, “माय गेली, भाऊ. परवा तेरावी हाये. फोटू झाला असन तं द्या.”

मी बाहेर आले. तिला बसवलं, पाणी दिलं. नवऱ्यानं पाकीट फोडून फोटो तिच्या हातात ठेवला. तिनं तो पदरानं पुसला, धूळ नसताना. मग जवळ धरला, मग लांब धरला.

“हे माही माय नोहे,” ती म्हणाली.

नवऱ्यानं वाकून फोटोतली हनुवटी पाहिली, मग हात पाहिले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. तेव्हाही मला कळलं नव्हतं. मला वाटलं, पाकिटांची अदलाबदल झाली.

“गोंदन कुठी गेलं हिचं?” मुलगी म्हणाली. “मायनं तं गोंदनासाठीच फोटू काढला होता.”

आणि मग ती सांगत गेली. ते गोंदण म्हातारीच्या आईनं लग्नाआधी करून दिलेलं. द्यायला घरात दुसरं काही नव्हतं. हिच्या वेळी म्हातारीनं गोंदणारी बोलावली होती, पण ही सुईला भिऊन पळाली, दिवसभर नदीवर लपून बसली, आणि ते राहिलं ते राहिलंच. “माय म्हने, दागिने इथीच रायते, गोंदन मानसासंग जाते. माहं माह्यासंग जाईन. तुयापाशी काय राहीन? म्हून फोटू काढतो, म्हने. त्यात साफ दिसन.”

साफ दिसन. साफ म्हणजे स्वच्छ, स्पष्ट, डोळ्यांना नीट दिसेल असं. नवऱ्यानं म्हातारीचाच शब्द पाकिटावर उतरवला होता. गोंदण साफ. इथे कुणी ध चा मा केला नव्हता. शब्द होता तसाच माझ्यापर्यंत आला, आणि मागच्या खोलीत माझ्या बटणाचंही तेच नाव होतं.

नवऱ्यानं बोलायला तोंड उघडलं. त्याच्या आधी मी बोलले.

“फोटोत आलं नाही ते,” मी म्हटलं. “कधी कधी लाईटमुळे येत नाही. हिरवा रंग आहे ना, कॅमेरा पकडत नाही.”

इतकं सफाईदार खोटं मी कसं बोलले, मला माहीत नाही. घाबरले होते, हे खरं. पण त्याहून जास्त मला लाज वाटली होती, आणि लाज वाटली की मी नेहमी हुशारी करते.

“दुसरा फोटो आहे का घरी त्यांचा?” मी विचारलं. होता, मतदानाच्या कार्डावर. तिनं पिशवीतून काढून दाखवला. त्यात नाकसुद्धा धड नव्हतं.

“मी काढून देऊ का कॉम्प्युटरवर?” मी म्हटलं. “कसं होतं ते सांगा. हनुवटीवर ठिपके किती होते?”

तिनं आपल्या हनुवटीवर बोट ठेवलं. “इथी होते. पाच... का सात?” ती थांबली. “जनमभर पाह्यलं, बाई, पन मोजले नाई कधी.”

मी तर चित्र मोठं करून एकेक ठिपका माझ्या हातानं पुसला होता. मीही मोजले नव्हते.

मग तिनं मान हलवली. “राहू द्या. गोंदन सुईनं निंगते, मशीननं नाई.” ती फोटोकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचा चेहरा बदलला. हळू आवाजात, स्वतःलाच सांगावं तसं ती म्हणाली, “म्हंजे आदीच गेलं म्हना. मानूस जायाच्या आदी गोंदन समोर गेलं. मायले मालूम असन.”

त्यात तिला आधार मिळाला. तो मला तिच्या डोळ्यांत दिसला. मी तिथेच सांगायला हवं होतं की बाई, कुठे गेलं नाही, मी पुसलं. ती मला शिव्या देती, फोटो तोंडावर फेकती, ते चाललं असतं. पण मी “हो” म्हटलं. नुसतं “हो.” तिनं फोटो पदरात गुंडाळला आणि ती गेली.

ती गेल्यावर नवरा इतकंच म्हणाला, “काऊन खोटं बोलली?” मी त्याच्यावरच तुटून पडले. नीट लिहिता येत नाही, दोन शब्द जास्त लिहिले असते तर हात झिजला असता का, असं वाटेल ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं. चूक दोघांची होती असं तो नंतर म्हणायचा. वाचण्यातली चूक दोघांची असेल. खोटं मात्र माझ्या एकटीचं होतं.

पुसलेलं परत आणायची सॉफ्टवेअर मिळतात, असं ऐकलं होतं. ब्रह्मपुरीच्या एका ओळखीच्या दुकानातून मी एक सीडी आणली आणि कॅमेऱ्याचं कार्ड तिच्यापुढे टाकलं. मधल्या काळात त्यावर कितीतरी नट येऊन गेले होते. दुपारभर ते यंत्र उकरत होतं. अर्धे खलनायक निघाले, एका लग्नातली पंगत निघाली. आणि एक फोटो निघाला म्हातारीचा. पाणी लावून बसवलेले केस, कपाळ, डोळे. डोळ्यांच्या खाली सगळी राखाडी पट्टी. हनुवटी नाही, हात नाहीत.

तो तुकडा घेऊन तिच्या गावी जायचं आणि सगळं सांगायचं, असं मी ठरवलं. सायकलला हवा भरली. नदीच्या पुलापर्यंत गेले. पुलाखाली कुणीतरी डोंग्यातून जाळं ओढत होतं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले आणि परत फिरले. म्हटलं, तिला जे समाधान मिळालंय ते आपण कशाला हिरावून घ्यायचं? भित्र्या माणसाला अशी कारणं भरपूर सापडतात.

काम करायची पद्धत मात्र मी बदलली. आधी दुसरी हार्डडिस्क घेतली. आलेला प्रत्येक फोटो आधी ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये जायचा आणि त्याला हात लावायचा नाही, हा नियम केला. बटणाचं नाव बदललं. पाकिटावर दोन शब्दांत लिहायला बंदी घातली, पूर्ण वाक्य लिहायचं. नवरा निमूटपणे ‘बाईंना चेहऱ्यावरचा तीळ काढून हवा आहे’ असं लिहू लागला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

पुढच्या हिवाळ्यात, पुन्हा नाटकांच्या धांदलीत, एक म्हातारी नातवाच्या सायकलवर बसून आली. फोटो काढून झाल्यावर ती उठेचना. नवरा म्हणाला, “झालं, बाई.” तरी ती हात मांडीवर तसेच धरून बसलेली.

“माहं गोंदन आलं का पाह्यजा बरं,” ती म्हणाली. “आमच्या गावच्या बुढीचं नोयतं आलं फोटूत. दोन हप्त्यात गेली. तवापासून सारेच भेतेत.”

मी तिला हाताला धरून मागच्या खोलीत आणलं. कॉम्प्युटरपुढे बसवलं. फोटो उघडला आणि तिची हनुवटी मोठी केली, इतकी की स्क्रीनभर फक्त तीच. ती पुढे वाकली. काचेवर बोट टेकवून तिनं मोजायला सुरुवात केली. मीही तिच्याबरोबर मोजत होते. पाच भरले. मग तिनं दोन्ही हात बघितले, मनगटापासून कोपरापर्यंत, काही राहून तर गेलं नाही ना.

“साफ आलं वो, बाई,” ती म्हणाली आणि तिनं श्वास सोडला. “एकदम साफ.”

दारापर्यंत गेल्यावर ती वळली. “मंग तिचंच काऊन नाई आलं असन?”

नवरा दारातच उभा होता. तो माझ्याकडे बघत होता. दुसऱ्यांदा कुणीतरी मला विचारत होतं, आणि सांगायला तीनच शब्द पुरले असते, मी पुसलं, बाई. त्या गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची भीती तेवढ्यानं गेली असती.

“देवाले माहीत,” मी तिच्याच बोलीत म्हटलं.

तिनं मान डोलावली. नातवाच्या खांद्याला धरून ती सायकलवर बसली आणि नदीकडच्या रस्त्याला लागली. मी मागच्या खोलीत येऊन बसले. स्क्रीनवर तिची हनुवटी तशीच उघडी होती. लाईट गेली तेव्हा स्क्रीनवरून ती गेली.